चंद्रभागा येते कुठून आणि जाते कुठे

वारीच्या मुक्कामावर रात्रीचे कीर्तन आटोपले, की दिंडीतला कोणी ना कोणी हमखास विचारतो, "महाराज, चंद्रभागेचा उगम कुठे हो?" उत्तर ऐकून मंडळी जरा बुचकळ्यात पडतात. कारण खरे उत्तर असे, की चंद्रभागा नावाची वेगळी नदी भूगोलाच्या नकाशात नाहीच. पंढरीला आपण ज्या पाण्यात उतरतो ती भीमा. पंढरपुरापाशी तिचा प्रवाह अर्ध्या चंद्राच्या कोरीसारखा वळतो, म्हणून तेवढ्या वळणापुरती ती चंद्रभागा. गाव मागे पडले, की पुन्हा आपली भीमाच.

उत्तरेत आणखी एक चंद्रभागा आहे. हिमाचलात चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांदी येथे मिळतात आणि त्यांचा जोडप्रवाह पुढे चिनाब म्हणून पंजाबात उतरतो. त्या चंद्रभागेचा आपल्या चंद्रभागेशी नावापलीकडे संबंध नाही. तीर्थयात्रेच्या काही पुस्तकांतून या दोघींचा घोळ झालेला आम्ही पाहिला आहे, म्हणून एवढे सांगून ठेवले.

चंद्रभागेचे माहात्म्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते कीर्तनकारांनी सांगावे आणि आपण ऐकावे. आज आम्ही सांगणार आहोत तो पाण्याचा हिशेब. हे पाणी कोणत्या डोंगरातून येते, वाटेत कोण कोण ते अडवतो, त्यात काय काय मिसळते आणि आपल्या पायाखालून पुढे ते कुणाच्या घागरीत जाते, हे वारकऱ्याला ठाऊक असले पाहिजे असे आम्हांस वाटते. आईची थोरवी गाणाऱ्याने तिच्या प्रकृतीची चौकशी करू नये, असे थोडेच आहे?

भीमा निघते भीमाशंकरला. त्रिपुरासुराशी युद्ध करून श्रमलेल्या शंकराच्या घामाची ही नदी झाली, अशी तिथली कथा. जागा सह्याद्रीच्या अगदी धारेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट. या धारेवर पडलेला पावसाचा थेंब हातभर पश्चिमेला सरकला, तर कोकणात कोसळतो आणि एकदोन दिवसांत समुद्राला मिळतो. पूर्वेला सरकला तर मात्र त्याला सारे दख्खन ओलांडावे लागते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. पण भीमा त्याच्याकडे पाठ फिरवून आग्नेयेला निघते आणि सुमारे ८६१ किलोमीटर चालून कर्नाटकात रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते. कृष्णेमार्फत तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते.

वाटेत तिला मिळणाऱ्या नद्या म्हणजे आपल्या संतांच्या गावांची यादीच. तुळापूरला भामा आणि इंद्रायणी येतात. हेच ते तुळापूर, जिथे १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांचा अंत झाला. इंद्रायणी लोणावळ्याच्या बाजूने, कुरवंड्याच्या डोंगरातून येते. आधी देहू, मग आळंदी, मग तुळापूर. म्हणजे बघा, तुकोबारायांच्या वह्या जिच्यात बुडाल्या असे आपण सांगतो, माउलींची समाधी जिच्या काठी आहे, तिचे पाणी पंढरीलाच जाते. पालखी पायवाटेने जाते आणि पाणी पाणवाटेने जाते. पालखी निघण्याआधीपासून हा प्रवाह पंढरीची वारी करीत आहे, असे म्हटले तर ती नुसती कवीकल्पना नव्हे. नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल अशी गोष्ट आहे.

पुण्यात पवना मुळेला आधीच मिळालेली असते, मग मुळा आणि मुठा एकत्र होतात आणि मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडसापाशी भीमेत येते. उत्तरेकडून कुकडी, मीना यांना पोटात घेऊन घोड नदी येते. या घोडकाठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथे बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. गोल आणि चौकोनी घरे, सातूचे दाणे आणि विशेष म्हणजे पुराचे पाणी वळवून शेताला देण्यासाठी खोदलेला चर व त्याला घातलेला बांध. आमच्या शेतकऱ्याला पाटपाणी इंग्रजाने शिकवले असे मानणाऱ्यांनी एकदा इनामगावचा चर आठवावा.

दक्षिणेकडून येते ती नीरा. सासवडला सोपानकाकांच्या समाधीपाशी वाहणारी कऱ्हा पुढे सोनगावला नीरेला मिळते. माउलींच्या पादुकांना नीरास्नान होते ते नीरा गावी, तिथून पालखी लोणंदला जाते. तुकोबांच्या पादुकांना स्नान सराटीला होते, तिथून अकलूज. दोन्ही पालख्या अशा रीतीने नीरा ओलांडतात, आणि नीरा मग इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपुरापाशी भीमेत शिरते. हे नरसिंहपूर वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

पंढरपूर ओलांडल्यावर सरकोलीपाशी माण नदी येते. चोखोबांचे मंगळवेढे याच पट्ट्यातले. ज्वारीसाठी नावाजलेली तिथली काळी जमीन. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठीच माचणूरचा किल्ला आहे. शेजारच्या ब्रह्मपुरीस औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षे पडून होती. लाखो माणसे आणि जनावरे एका जागी चार वर्षे बसली, ती कशाच्या बळावर? भीमेच्या पाण्याच्या. नदीने भक्त आणि शत्रू असा भेद केला नाही. असो.

आता पावसाचे बोलू, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर अवलंबून आहे. भीमाशंकर, लोणावळा, मुळशी या घाटमाथ्यावर वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. तेथून पूर्वेला चालू लागलात, की तो झपाट्याने कमी होतो आणि पंढरपुरापर्यंत वीस-पंचवीस इंचांवर येतो. तोही नेमाचा नाही. म्हणजे पंढरीची नदी पंढरीच्या पावसावर वाहतच नाही; ती दोन-अडीचशे किलोमीटर दूर पडलेल्या पावसावर वाहते. डोक्यावर कोरडे आकाश, शेतात धूळ, आणि नदीला मात्र दोन्ही काठ भरून पूर, हा चमत्कार पंढरपूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला तो यामुळेच. आणि घाटात पाऊस थांबला, की उन्हाळ्यात पात्र कोरडे ठणठणीत, हेही त्यामुळेच.

वर पाऊस भरपूर आणि खाली दुष्काळ, तर पाणी वरच अडवून हळूहळू खाली सोडावे, हा विचार कुणालाही सुचेल. इंग्रजांच्या काळात मुठेवर खडकवासल्याचे धरण झाले. नीरेच्या खोऱ्यात भाटघरचे झाले, त्याचे मोठे रूप १९२७ च्या सुमारास पुरे झाले. नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसचा मुलूख बदलला. आज पालखी ज्या हिरव्यागार उसाच्या रानांतून जाते, ती रानेही या कालव्यांचीच लेकरे. माळीनगरच्या माळावरचा ऊस कालव्याचाच.

पण त्याच काळात उलटी गोष्टही घडली. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने लोणावळ्याची तळी, ठोकरवाडी, मुळशी अशी धरणे बांधून इंद्रायणी आणि मुळा यांच्या खोऱ्यांतले पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, घाटाखाली सोडले. खोपोली, भिवपुरी, भिरा येथे त्यावर वीज होते. मुळशीच्या मावळ्यांनी आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांचे पुढारी. धरण झालेच. म्हणजे जे पाणी पूर्वेला पंढरीकडे यायचे, त्यातले काही तेव्हापासून कोकणात उतरते आहे. विजेची गरज आम्ही नाकारीत नाही; मात्र भीमेच्या तुटीचा हिशेब करताना ही ओळ गाळू नये.

स्वातंत्र्यानंतर धरणांची रांगच लागली. पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्याचे काय झाले, ते जुन्या पुणेकरांच्या तोंडून आजही ऐकायला मिळते. पुढे वरसगाव, पवना, चासकमान, डिंभे, माणिकडोह, नीरेवर वीर, अशी कितीतरी. या सर्वांच्या खाली, सर्वांची आई म्हणावी असे, माढा तालुक्यातले उजनी. त्याचा पाया १९६६ साली घातला गेला आणि १९८० साली ते पुरे झाले. जलाशयाला यशवंतराव चव्हाणांच्या नावाने यशवंतसागर म्हणतात.

उजनीचे आकडे वर्तमानपत्रात रोज येतात आणि ते न कळल्यामुळे लोक भलतेच बोलतात, म्हणून थोडे उलगडून सांगतो. पाणी मोजतात टीएमसीत. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. नदीत सोडलेले पाणी मोजतात क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अंदाजे अठ्ठावीस लिटर. साडेअकरा हजार क्युसेक पाणी दिवसरात्र चालले, तर एका दिवसात एक टीएमसी होते. आता उजनीत मावते सुमारे ११७ टीएमसी. त्यातले ५३ टीएमसीच्या वरचे थोडे, तेवढेच 'उपयुक्त'. तळातले ६३ टीएमसीहून जास्त पाणी 'मृत साठा' समजले जाते, कारण ते दरवाजे-कालव्यांच्या पातळीखाली राहते. टक्केवारी धरतात ती फक्त वरच्या साठ्याची. म्हणून उन्हाळ्यात "उजनी उणे वीस टक्के" अशी बातमी येते आणि माणसे हसतात, की उणे पाणी कसले? त्याचा अर्थ एवढाच, की वरची शिल्लक संपली आणि आता आपण बुडातल्या पाण्याला हात घातला. आमच्या मते 'मृत' हा शब्दच चुकला. संकटाच्या वर्षी माणसे याच पाण्यावर तगतात.

उजनीने इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड भागांतली किती तरी गावे पोटात घेतली. पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले. दुष्काळी वर्षी पाणी उतरले, की त्याचे शिखर आणि मग सारे देऊळ वर येते आणि आसपासची विस्थापित कुटुंबे ते बघायला जातात. खाली सोलापूर जिल्ह्यात हिरवे झाले ते यांचे घरदार गेल्यावर. पंढरीच्या वाटेवर उसाचा रस पिताना या गावांची आठवण निदान एकदा तरी व्हावी.

आता नरसिंहपुराकडे परत येऊ. उजनीचे धरण नरसिंहपुराच्या वर आहे आणि नीरा मिळते ती खाली. याचा अर्थ असा, की चंद्रभागेला दोन दरवाजे आहेत. एक उजनीचा, दुसरा नीरेवरच्या वीर धरणाचा. उजनी फार मोठे, शिवाय त्याच्या वरची सगळी धरणे भरल्यावर त्याला पाणी मिळणार, म्हणून ते बहुधा श्रावण-भाद्रपदात भरते. वीर त्या मानाने लहान. ते लवकर भरते. त्यामुळे आषाढीला पुष्कळदा असे होते, की उजनीत पाणी नाही, पंढरीत पाऊस नाही, तरी वीरमधून सोडलेले पाणी येऊन चंद्रभागा चढते. आणि वीरचेही पाणी नसेल, तर स्नानासाठी उजनीतून मुद्दाम सोडावे लागते. "पांडुरंगाची इच्छा, एकादशीला नदीला पाणी आले," असे आपण म्हणतो. इच्छा पांडुरंगाचीच, पण मागे कुणा अभियंत्याने दार उचललेले असते आणि कुणा शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी खाली आलेले असते, हेही खरे.

दोन्ही दारे एकदम उघडली, की महापूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीने पुन्हा आला. त्या पावसात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसे गेली. पूर ओळखण्याची पंढरपूरकरांची साधी खूण आहे. आधी जुना दगडी पूल पाण्याखाली जातो. वाळवंटातल्या पुंडलिकरायाच्या मंदिराला पाण्याचा वेढा पडतो. मग काठच्या वस्त्या हलवतात. पुंडलिकाची पूजा परंपरेने महादेव कोळी समाजाकडे आहे, आणि होड्याही त्यांच्याच. नदीचा स्वभाव यांच्याइतका कुणाला कळत नाही. होडीवाला "आज पलीकडे नको" म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

वाळवंटाविषयी जरा सविस्तर बोलायला हवे, कारण ते नसेल तर आपले बरेच काही जाईल. कीर्तन मंदिरात होतेच. पण जातपात विसरून सारे एकमेकांच्या पाया पडतात, ती जागा वाळवंटाची. वाळवंट म्हणजे वाळू, आणि वाळू नदीने वरून आणलेली. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजतो, त्याचे कण पुराबरोबर घरंगळत येतात, आणि वळणावर प्रवाह मंदावला की आतल्या बाजूला बसतात. चंद्रकोरीचे वळण आणि वाळवंट यांचे नाते असे आहे. आता पाहा, वर उजनीची भिंत उभी राहिली. पाणी दारांतून निघून येते, वाळू मात्र मागे जलाशयातच बसते. नीरेकडूनही थोडी यायची, तिथे वीर आडवे आले. म्हणजे नवी वाळू येण्याचे रस्ते जवळजवळ बंद. आणि आहे ती वाळू घरे-इमारती बांधायला ट्रकांनी उपसून नेली. कायदेशीर किती आणि चोरून किती, त्या वादात आम्ही पडत नाही. उपसा पात्रात डोळ्यांना दिसतो. जमा थांबलेली आणि खर्च चालू, अशा पेढीचे काय होते ते दुकानदारही सांगेल.

याचा दुसरा परिणाम जिवावरचा आहे. उपशाने पात्रात खड्डे पडतात. वरून पाणी सारखेच दिसते. चार पावले गुडघाभर आणि पाचव्या पावलाला डोक्यावरून. यात्रेकरू बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यांतल्या पुष्कळ अशा खड्ड्यांच्या असतात. म्हणून आमची विनंती आहे, की स्नान गर्दीच्या, माहितीच्या घाटावर, काठाला धरून करावे. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना पुढे जाऊ देऊ नये. तांब्याने डोक्यावर पाणी घेतले तरी चंद्रभागास्नान होतेच. बुडी मारलीच पाहिजे, असा नेम आमच्या ऐकण्यात नाही.

राहिली पाण्याच्या शुद्धतेची गोष्ट. ती बोलायला जड जाते. वर सांगितलेली पाणवाट पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची लक्षावधी माणसे, कारखाने, यांचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीत येते; त्यातले पुरेसे शुद्ध न होता येते. आळंदीच्या घाटावर इंद्रायणीत पांढरा फेस तरंगताना गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिला. तो फेस पावसाचा नव्हे. हे सारे भीमेत आणि भीमेतून उजनीत येऊन साचते. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी हिरवे होते, ते त्यातल्या खताने माजलेल्या शेवाळामुळे. पुढे काठावरच्या गावांचे, कारखान्यांचे, रासायनिक खतांचे मिसळते. मग पंढरपूर.

आणि पंढरपुरात आपण. दोष पुण्याला देऊन आपल्याला मोकळे होता यायचे नाही. एकादशीला दहा-बारा लाख माणसे एका गावात उतरतात. शौचासाठी वाळवंट वापरायची जुनी खोड, आणि पटकीच्या साथी पूर्वी यात्रेतून गावोगाव गेल्या त्या याच पायी. हल्लीच्या काळात उच्च न्यायालयाला यात लक्ष घालावे लागले; वाळवंटात तंबू-राहुट्यांवर निर्बंध आले, पैलतीरावर ६५ एकरांत दिंड्यांची सोय झाली, २०१६ साली शासनाने 'नमामि चंद्रभागा' हाती घेतले, पालखीमार्गावर फिरती शौचालये उभी राहू लागली. प्रथम कुरकुर पुष्कळ झाली. आम्ही मात्र या गोष्टीचे स्वागतच करतो. ज्या वाळवंटात संतांची कीर्तने झाली तिथे नाक धरून चालावे लागणे, यात परंपरेचा मान कुठला? अजूनही स्नानानंतर जुने कपडे नदीत सोडणे, निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट टाकणे, द्रोण-पत्रावळी तिथेच फेकणे, हे चालूच आहे. कपडा सोडल्याने पाप जाते, असे कुठल्या संताने सांगितले ते आम्हांला कोणी दाखवून द्यावे. दिंडीप्रमुखांनी फडावर एवढे एक सांगितले, तर लाखो लोकांचे ऐकले जाईल. सरकारी फलकांचे तेवढे कोणी ऐकत नाही.

हे सांगायचे आणखी एक कारण आहे. आपल्या पायाखालचे पाणी पंढरीला थांबत नाही. सोलापूर शहराची तहान भागवण्यासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडतात. ते पंढरपूर, मंगळवेढे ओलांडून टाकळी, औज, चिंचपूरच्या बंधाऱ्यांत पोचते आणि तिथून शहराला उचलतात. एवढ्या लांब उघड्या पात्रातून आणायचे, म्हणून शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी वरून सोडावे लागते. निम्मे-अधिक वाटेतच जिरते, उडते, उपसले जाते. शहरापर्यंत नळमार्गही आहे, पण नदीचा हा फेरा चालूच आहे.

दक्षिण सोलापुरात कुडलपाशी सीना मिळते. तिथल्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वराच्या देवळात मराठीतला फार जुना शिलालेख आहे, शके ९४० चा म्हणून सांगतात. मग भीमा महाराष्ट्राची सीमा सोडते. अफझलपूर तालुक्यात गाणगापूर लागते. श्रीनृसिंहसरस्वतींचे स्थान, भीमा-अमरजेचा संगम. तिथे स्नान करणाऱ्या दत्तभक्ताच्या अंगावर पडते ते पाणी आळंदीहून, देहूहून, पंढरीहून आलेले असते. आणखी खाली सन्नती आहे. तिथे सम्राट अशोकाच्या आज्ञांचा शिलालेख सापडला आणि जवळच कनगनहळ्ळीला मोठा बौद्ध स्तूप निघाला. इथवर जमीनही बदललेली असते. महाराष्ट्रात भीमा काळ्या अग्निजन्य दगडावरून वाहते. इकडे तो थर संपून खालचा चुनखडीचा दगड वर येतो. आपल्या मठांतून आणि देवळांतून अंथरलेली गुळगुळीत शहाबादी फरशी याच भागातली. काठी राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, वसवलेली कागिणा नदी इथेच येऊन मिळते.

उन्हाळ्यात या कर्नाटकातल्या गावांची भीमाही कोरडी पडते आणि तिथले लोकही उजनीकडे डोळे लावून बसतात. कृष्णेच्या पाण्याची वाटणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात करण्यासाठी न्यायमूर्ती बच्छावतांचा लवाद बसला होता, त्याचा निवाडा १९७३ चा. त्यात भीमेचे पाणीही आले. रायचूरच्या वर भीमा कृष्णेत शिरते तेव्हा तिच्याबरोबर घोड, इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा, माण, सीना असा सगळा परिवार असतो. कृष्णा पुढे श्रीशैलाच्या पायथ्याशी आणि नागार्जुनसागरातून विजयवाड्याला जाते आणि हंसलदीवीपाशी समुद्राला मिळते. भीमाशंकरच्या धारेवरून पूर्वेला घसरलेला तो थेंब, वाटेत कुणी अडवला नाही, तर तिथे पोचतो.